फाटकावरचे यंत्र

सकाळचे अकरा. वेळदांडा गावाचे समाजमंदिर.

अणुवीज केंद्राचे सुरक्षा अधिकारी अंबर्डेकर गावाची यंत्रे जप्त करायला आले होते. किरणोत्सर्ग मोजणारी ही यंत्रे महिला मंडळाने घरांच्या ओट्यांवर लावली होती. त्यांचा आकडा चढत होता आणि त्याच ओट्यांवर मुले खेळत होती.

"ही खेळणी आहेत," साहेब म्हणाले. "आमचं यंत्र फाटकावर आहे. त्याचा आकडा जागचा हललेला नाही."

मंडळाच्या यमुनाबाई वैती उठल्या. "साहेब, आमचे बोंबील पूर्वी फाटकाशी सुकायचे. ते गावाकडे कुणी हलवले?"

"मीच. वास सहन होईना."

"आता येतो?"

"अजिबात नाही. वारा फाटकाकडून गावाकडे वाहतो."

"आणि तुमची चिमणी मधोमध. मग तिच्यातून काय निघतं ते आमच्या ओट्यावर कळेल, की तुमच्या फाटकावर?"

सभा हसली. साहेब हसले नाहीत. पण आम्ही पत्रकार समोर बसलेलो असल्यामुळे त्यांना आपले यंत्र यमुनाबाईंच्या ओट्यावर आणावेच लागले. दोन्ही आकडे जुळले. संध्याकाळपर्यंत केंद्रातली गळकी झडप सापडली आणि बंद झाली.

तीस वर्षे मी या केंद्राच्या खुलाशांशी भांडतो आहे. एवढे काम माझ्या एकाही बातमीने केले नाही. त्या बायांचे उपकार या गावाने आणि मीही विसरू नयेत.

केंद्राचे एकुलते एक यंत्र वारा जिथून येतो त्या बाजूला कुणी बसवले, हे मात्र अजून कुणीही सांगितलेले नाही.