सुधाकर जिवंत आहे

“ताई, ही बातमी तुम्हीच लिहिली का?”

दारातल्या माणसाच्या हातात मोबाइल होता. केतकीला वाटलं, कौतुक करायला आलाय. लंडनहून पत्रकारिता शिकून ती तालुक्याच्या या छोट्या दैनिकात आली होती, ती इथल्या संथपणाला वेग आणि खरेपणा शिकवायला. घाटातल्या अपघाताची बातमी दुपारी सगळ्यांच्या आधी तिनंच मोबाइलवर टाकली होती. मृताच्या नावासकट.

“हो. मीच.”

“मी सुधाकर. त्यातला मेलेला.”

केतकीच्या हातातला कप कलंडला. चहा टेबलावरून ओघळत राहिला.

आता हा शिव्या देईल, असं तिला वाटलं. त्यानं पाणी मागितलं.

संपादक लतीफ मास्तर उठले आणि माठातलं पाणी त्यांनी स्वतः आणून दिलं. मग केतकीकडे वळले.

“नाव कुठून घेतलंस?”

“गाडीच्या नंबरावरून. सरकारी नोंद आहे, मास्तर. गाडी यांचीच...”

“गाडी माझीच,” सुधाकर म्हणाला. “पण आमच्या गल्लीत एकाची गाडी चार जण फिरवतात, ताई. किल्ली खिळ्याला असते. ज्याला काम, तो नेतो.”

हे केतकीला ठाऊक असायला हवं होतं. ती स्वतः अशाच गल्लीत वाढली होती.

“मी बाजार समितीत कांदा उतरवत होतो. मोबाइल घरीच राहिलेला. घरी गेलो, तर अंगणात ही गर्दी. बायकोनं उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडलेल्या. मनगटं रक्तानं... आणि तिला मांडीवर घेऊन बसलेली आमची शेजारीण, जनाकाकू.”

“मग?”

“मला बघितलं नि काकू पळतच आली. आधी एक थोबाडीत दिली. ‘मेल्या, होतास कुठं?’ मग मीठ-मोहऱ्या आणून माझी दृष्ट काढली. हसत होती, रडत होती...”

तो थांबला. ग्लास नुसताच हातात धरून राहिला.

“सकाळी गाडी तिच्याच पोरानं नेली होती. रोहिदासनं.”



“तिला सांगितलंत?” मास्तरांनी विचारलं.

“माझ्या तोंडात साखर घातली हो तिनं. कसं सांगू? तसाच इकडं पळत आलो.”

केतकीनं झटकन मोबाइल ओढला.

“दुरुस्ती टाकते. आत्ताच्या आत्ता. मृताचं खरं नाव रोहिदास...”

मास्तरांनी तिच्या मोबाइलवर आपला तळवा ठेवला.

“पाहिलंस त्याला?”

“नाही. पण हे सांगताहेत ना!”

“दुपारी गाडीचा नंबरही असाच सांगत होता.”

तिचा चेहरा उतरला.

“सुधाकर जिवंत आहे, चूक आमची आहे, एवढं टाक. पुढचं नाव नको.”

“दुसरे लोक टाकतील, मास्तर! आणि वाचकांना खरं कळायला नको?”

“वाचक उद्याही वाचकच असेल. ती बाई...”

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वाकून चपला घातल्या.

“कुठं निघालात?”

“दुरुस्ती पोचवायला. चल.”

सरकारी दवाखान्यात सुधाकर मृतदेह पाहायला आत गेला. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. हातावरचं गोंदण त्यानं ओळखलं. बाहेर आला, भिंतीला टेकला, होकारार्थी मान हलवली. मास्तरांनी जनाकाकूच्या भावाला बोलावून सोबत घेतलं आणि रिक्षा गावाकडे वळली.

अंगणात अजून जळक्या मोहऱ्यांचा वास होता. बायका हसत होत्या. कुणी तरी चहा ठेवला होता.

“या मास्तर, या!” जनाकाकूचा खणखणीत आवाज आला. “तुमचा पेपर चुलीत घालायच्या लायकीचा आहे! पण बसा, चहा घ्या. आज सगळं माफ.”

केतकीला रिक्षातून उतरवेना.

मास्तर खुर्चीवर बसले नाहीत. जनाकाकूपाशी जमिनीवर बसले. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

एकेक करत हसणं थांबलं.

“मास्तर... असं काय बघताय? सुधाकर आला की परत. हा काय उभा आहे...”

मास्तरांनी तिचा हात हातात घेतला. काही तरी हळू बोलले.

मग जो आवाज आला, तो केतकीनं कानांवर हात ठेवूनही ऐकला.

परतताना केतकीला वाटत होतं, मास्तरांनी ओरडावं, कामावरून काढावं, काही तरी करावं. कार्यालयापाशी त्यांनी रिक्षावाल्याला फक्त एवढं सांगितलं, “हिला घरापर्यंत सोड.”

सकाळी ती आली, ती डोळे सुजवून. परत लंडनला जावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. ती मास्तरांच्या टेबलासमोर उभी राहिली.

“मी जनाकाकूंकडे जाते. मी कोण, ते त्यांना सांगणार आहे. त्या मारतील, हाकलतील... चालेल. बातमीसाठी नाही जात, मास्तर.” तिनं वही आणि पेन टेबलावर ठेवलं. “हे इथंच ठेवून जाते.”

मास्तरांनी वही उचलली आणि तिच्या हातात परत दिली.

“घेऊन जा. पोराबद्दल ती काही बोलली, तर लिहून घे. एक शब्दही चुकवू नकोस.”