बखरीतलं एक पान

एका राज्यात बखरीची शाई मंतरलेली होती. तिने लिहिलेल्या पानावर राजाची मोहोर उठली की ज्याच्याविषयी लिहिलं त्या माणसाला ते लागू पडे. म्हणून शिरस्ता असा, की मोहोर उठण्याआधी पान तीन दिवस वेशीवर मोठ्याने वाचायचं आणि ज्याला खोटं वाटेल त्याने हात वर करायचा.

बखरकार अच्युतपंत विद्वान, पण उतावीळ. राज्याभिषेकाचा वर्धापनदिन तोंडावर आला, तेव्हा त्यांनी वाचन गाळलं. राजाचा मेहुणा शिवदेव सांगेल ते लिहिलं: 'किल्लेदार रायाजीने शत्रूला गडाचं दार उघडलं. त्याचं काळीज दगडाचं.' मोहोर उठली आणि रायाजी उभ्याउभ्या दगड झाला.

त्याची लेक तुळजा पंतांच्या दारी आली. "पंत, तुम्ही पाहिलंत?"

"ऐकलं," पंत म्हणाले, आणि त्यांची मान खाली गेली.

दोघं गडावर गेली. दारावरची साळुंकी म्हणाली, "लाल पागोटेवाल्याने अडसर काढला."

"लाल पागोटं रायाजीचंच! म्हणजे मी खरंच लिहिलं!" पंत सुटकेने म्हणाले.

"पागोटं पाहिलंस की तोंड?" तुळजाने विचारलं.

"पागोटंच," साळुंकी म्हणाली.

मग अडसर बोलला, "त्या हातातली अंगठी मला टोचली." रायाजीच्या बोटांत कधी अंगठी नव्हती. शेवटी विहिरीने दार उघडलं त्या घटकेचं प्रतिबिंब दाखवलं: रायाजी उघड्या डोक्याने बसून आपलं पागोटं घायाळ शिपायाच्या पायाला बांधत होता.

राजाने दसऱ्याला लाल पागोटी दोनच दिली होती. एक रायाजीला, दुसरं मेहुण्याला. दरबारात हे सांगताच शिवदेवाने अंगठीचा हात बाहीत ओढला. राजाने त्याला बेड्या ठोकल्या आणि तो पंतांना म्हणाला, "ते पान जाळा. बोभाटा नको."

पंतांनी पान हातात घेतलं. उभ्या जन्माची कीर्ती त्या बखरीत होती. तरी ते म्हणाले, "महाराज, जाळलं तर चूक झालीच नाही असं होईल. दगड मात्र राहील."

त्यांनी मूळ अक्षरं वाचता येतील अशी एकच रेघ त्या ओळीवर ओढली. खाली लिहिलं: 'हे खोटं. न पडताळता मी लिहिलं. अच्युत.' मग वेशीवर उभं राहून तीन दिवस ते स्वतःच वाचलं. लोक हसले, पंतांनी ऐकून घेतलं. एकही हात वर झाला नाही, तेव्हा मोहोर उठली.

गडावर दगडाला घाम फुटला. रायाजीने डोळे उघडले. लेक गळ्यात पडली, पंत पायांशी वाकले. त्याला मात्र दोघंही दिसेनात. तो त्यांच्या पलीकडे, गडाच्या दाराकडे पाहत होता.

"दार लावलंय ना?" त्याने विचारलं.