थोरलीच्या मापाची सायकल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा सायकल जगात आली होती, मोटार यायची होती, आणि माणसं व जनावरं एकाच बाजारात दुकानं मांडून बसत होती. हे राज्य कोणतं ते विचारू नका. विचाराल तर मी एखादं नाव ठोकून देईन आणि तुम्ही ते नकाशावर शोधत बसाल.

त्या राज्यात राजाची डाक सायकलवरून जायची. डाक नेणाऱ्यांना जासूद म्हणत, आणि या जासुदांत दोघी चुलत बहिणी होत्या. थोरली उंच, लांब हातापायांची. धाकटी आटोपशीर बांध्याची, पण पायांत अशी ताकद की चढाला लागली की साखळी कुरकुरायची.

थोरली दरबारात आली की लोक वळून बघायचे. हार तिच्या गळ्यात पडायचा, कौतुक तिच्या वाट्याला यायचं, आणि धाकटीच्या पोटात दुखायला लागायचं. थोरलीच्या सायकलची घंटा गोड वाजते म्हणून धाकटीने तसलीच घंटा आणली. थोरली पिवळा फेटा बांधते म्हणून हिनेही पिवळा बांधला. त्यात ती कावीळ झाल्यासारखी दिसायची, पण सांगणार कोण?

एक दिवस राजाने दवंडी पिटवली. जुन्या सायकली मोडकळीला आल्या होत्या, म्हणून प्रत्येक जासुदाने बाजारातून आपल्याला हवा तो नवा सांगाडा निवडावा. चाकं आणि सीट राजा देईल. सांगाड्यावर जासुदाच्या नावाचा शिक्का बसेल, आणि एकदा शिक्का बसला की जन्मभर बदल नाही. महिन्याभराने सगळ्यांनी तेरा वळणांचा घाट चढायचा. जो आधी माथ्यावर पोचेल, त्याला वरच्या खोऱ्याची डाक कायमची मिळेल.

वरच्या खोऱ्यातल्या शेवटच्या गावात धाकटीची आई एकटी राहायची. तिथली डाक मिळाली तर दर आठवड्याला एक मुक्काम आईपाशी होणार होता. धाकटीला ती डाक हवी होती. पण खरं सांगायचं तर, ती थोरलीला मिळू नये असं तिला त्याहून जास्त वाटत होतं.

सायकल घ्यायची तिथली रीत अशी होती की घरून आपल्या मापाची दोरी घेऊन जायचं. टाचेपासून मांडीच्या सांध्यापर्यंत एक गाठ, खांद्यापासून मुठीपर्यंत दुसरी. धाकटीने दोरी घेतली, पण स्वतःला लावली नाही. दुपारी थोरली ओसरीवर झोपली होती, तेव्हा ती पाय न वाजवता गेली आणि तिच्याच पायाचं आणि हाताचं माप घेऊन आली. मध्येच थोरलीने कूस बदलली. धाकटीने माशी हाकलत असल्याचं सोंग केलं.

ती दोरी घेऊन धाकटी पहिल्यांदा उंटाच्या दुकानात गेली. उंटाने दोरी बघितली, मान वर नेली आणि म्हणाला की यापेक्षाही दोन बोटं उंच सांगाडा घे. उंच बसलं की धूळ खाली राहते आणि लोक वर बघतात. धूळ खाली राहण्याचं धाकटीला काही नव्हतं. लोक वर बघतात, हे मात्र तिच्या मनात जाऊन बसलं.

तरी आणखी एका ठिकाणी विचारावं म्हणून ती मुंगसाकडे गेली. मुंगूस दोरी बघून हसत सुटलं. वारा कापायचा तर पोट जमिनीला लागलं पाहिजे, असं सांगून त्याने सगळ्यात बुटका सांगाडा पुढे सरकवला. उंटाचा सांगाडा घेतलास तर सोबत शिडीही घे, म्हणालं. उंटाच्या कानावर हे गेलं तेव्हा तो म्हणाला की मुंगसाच्या सायकली बिळात राहणाऱ्यांसाठी असतात. मग बाजारातले बघेही तोंड घालू लागले. कुणी म्हणे उंच, कुणी म्हणे ठेंगणा, कुणी म्हणे रंग लाल असला म्हणजे झालं. धाकटीचं डोकं गरगरलं.

बाजाराच्या टोकाला म्हाताऱ्या हत्तिणीचं दुकान होतं. तिथे गर्दी नसायची. जी जन्मात सायकलवर बसली नाही तिला सायकलीतलं काय कळणार, असं लोक म्हणायचे. पण उंट आपल्या अंगावरून सांगत होता आणि मुंगूस आपल्या अंगावरून. हत्तिणीला स्वतःच्या अंगावरून सांगण्यासारखं काही नव्हतंच. म्हणून ती गिऱ्हाइकाला विचारायची.

तिने धाकटीला पुष्कळ विचारलं. रोज किती वाट काटतेस, चढ जास्त की सपाटी, संध्याकाळी मान दुखते की कंबर. मग तिला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, दोन पायांमध्ये एक पाट उभा धरून वर सरकवला आणि सोंडेने माप घेतलं. कोपऱ्यातून एक साधासा, मध्यम सांगाडा काढून त्याला बघण्यापुरती चाकं आणि सीट लावली आणि धाकटीला वर बसवलं.

धाकटीचे पाय पायडलांवर अलगद टेकले. हात हँडलवर गेले तरी कोपरं सैल राहिली. थांबून पाय खाली सोडला तर जमीन लागली. पाठीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तक्रार केली नाही. धाकटीच्या तोंडावर हसू आलं, आणि ते तसंच राहिलं असतं, पण तिने विचारलं, “थोरली तुमच्याकडे आली होती का?”

हत्तीण म्हणाली, “काल येऊन गेली. तिचा सांगाडा याहून चार बोटं मोठा.”

ती चार बोटं धाकटीच्या काळजात रुतली. आता दरबारात दोघी शेजारी उभ्या राहिल्या की पुन्हा हीच लहान दिसणार. ती झटकन खाली उतरली, दोरी पुढे केली आणि म्हणाली, “मला या मापाचा द्या.”

हत्तिणीने दोरी सोंडेत घेतली, गाठी चाचपल्या, आणि परत दिली. “पोरी, ही दोरी तुझी नव्हे. घाट तुझ्या पायांनी चढायचाय, मग माप कुणाचं घेऊन फिरतेस?”

थोरलीने हत्तिणीलाही फितवलं, असं धाकटीला वाटलं. हेवा माणसाला असलं वाटेल ते वाटायला लावतो. ती तडक उंटाकडे गेली आणि थोरलीच्या मापाहून दोन बोटं उंच सांगाडा घेऊन शिक्का मारून मोकळी झाली.

महिनाभर तिने सीट खाली खाली आणली, तरी पायडल गाठायला कंबर डावीकडे उजवीकडे सरकवावी लागायची. हात ताणून ताणून खांदे भरून यायचे. चढायला कट्टा लागायचा, उतरायला उडी मारावी लागायची. कुणी विचारलं की ती म्हणायची, झकास आहे, सवय होईल. दरबारात मात्र ती थोरलीहून उंच दिसली. त्या दिवशी तिला पोटभर जेवण गेलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. आठ जासूद घाटाला लागले. पाचव्या वळणापर्यंत धाकटी सगळ्यांच्या पुढे होती, कारण पायांतली ताकद कुठे गेली नव्हती. सहाव्यापासून मांड्या सोलून निघायला लागल्या. आठव्यावर बोटं बधिर झाली. नवव्या वळणावर थोरलीने तिला गाठलं, आणि तेवढ्यात समोरून मेंढरांचा कळप रस्ताभर उतरत आला.

दोघींनी ब्रेक दाबले. थोरलीने एक पाय खाली टेकला आणि थांबली. धाकटीनेही पाय सोडला, पण जमीन लागली नाही. ती सायकलसकट आडवी झाली आणि गुडघा दगडावर आपटला.

थोरलीने हात पुढे केला. धाकटीने तो झिडकारला. कळप निघून गेला, थोरली दोनदा मागे बघून पुढे निघाली. धाकटीला सायकलवर चढायला कट्टा हवा होता, आणि घाटात कट्टा कुठला? ठेचकाळत, सायकल ढकलत ती पुढच्या वळणापर्यंत गेली. तिथे एक धोंडा सापडला. तोवर आणखी तिघेजण तिच्यापुढे निघून गेले होते.

माथ्यावर पोचली तेव्हा हार थोरलीच्या गळ्यात होता. थोरली गर्दीतून तिच्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, नवल होतं.

ती म्हणाली, “मी तर डाकेची आशाच सोडली होती गं. आजवर प्रत्येक चढाला तू माझ्यापुढे असायचीस. मी नेहमी तुझी पाठच बघत आले. आज काय झालं तुला?”

चढावर आपण पुढे असतो, हे धाकटीला कधी कळलंच नव्हतं. थोरली पुढे असायची ती सपाटीवर आणि दरबारात, आणि धाकटीचं लक्ष सगळं तिथेच असायचं. आपल्या मापाच्या सायकलवर हा घाट तिचाच होता. ती रस्त्याच्या कडेला बसून रडली.

वरच्या खोऱ्याची डाक थोरलीला मिळाली. धाकटीला बाजारपेठेची सपाट वाट मिळाली आणि शिक्का मारलेली ती उंच सायकल जन्माची सोबतीण झाली. दर आठवड्याला थोरलीचा मुक्काम धाकटीच्या आईकडे पडायचा. ती परत आली की आईने दिलेली ज्वारीच्या पिठाची पुरचुंडी धाकटीच्या हातात ठेवायची आणि सांगायची, “काकूंनी काल मला न्हाऊ घातलं. तुझी आठवण काढत होत्या. म्हणत होत्या, धाकटी कधी यायची?”

आता थोरलीचा हेवा करायला धाकटीजवळ खरंखुरं कारण होतं, आणि ते तिने आपल्याच हातांनी ओढवून घेतलं होतं.

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: जो दुसऱ्याचं माप आपल्याला लावतो, तो आपल्या वाट्याचं सुख दुसऱ्याच्या हाती देऊन बसतो.