इटुकली मुंगी आणि कधीच बंद न होणारा राउटर

एक होती मुंगी. एवढीश्शी! नाव तिचं इटुकली.
ती राहायची भिंतीच्या फटीत. फटीत होती तिची बाळं. बारकी बारकी, भुकेली भुकेली.

एका दुपारी घरातली छोटी जुई लाडू खात होती. डोळे टॅबवर, लाडू हातात. अर्धा लाडू तोंडात, अर्धा जमिनीवर.
इटुकलीला मिळाला एक कण. बेसनाचा. तुपाचा. गोड गोड!
कण उचलला. इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!
भिंतीवर चढली. फळीवर आली.

फळीवर बसला होता राउटर. राउटर म्हणजे इंटरनेटचा डबा. दोन शिंगं ताठ. एक डोळा हिरवा. लुकलुक लुकलुक!
इटुकली राउटरवरून चालली, आणि पाय घसरला. कण पडला. टप्प! राउटरच्या भोकातून थेट आत.
इटुकलीने आत डोकं घातलं. चर्रर्र! मिशाच भाजल्या!

इटुकली म्हणाली,
"राउटर, राउटर, बंद हो ना!
लाडवाचा कण मिळत नाही,
बाळं माझी उपाशी!"

राउटर फुगून म्हणाला, "बंद? आणि मी? मी दिवसा चालू. मी रात्री चालू. घरात कुणी नसलं, तरी मी चालू!"
"कुणी नसलं, तर कुणासाठी चालू?" इटुकलीने विचारलं.
राउटर नुसताच लुकलुकला. मग म्हणाला, "मीच का आधी? जुई कार्टून थांबवेल, तर मी बंद होईन."

इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! जुईकडे आली.
टॅबवर बदकं नाचत होती. नाचून नाचून बदकं दमली होती. बघून बघून जुई दमली होती. तरी बघत होती.

"जुई, जुई, कार्टून थांबव ना!
राउटर बंद होत नाही,
लाडवाचा कण मिळत नाही,
बाळं माझी उपाशी!"

जुई म्हणाली, "मीच का आधी? आई फोन ठेवेल, तर मी कार्टून थांबवीन."

इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! आईकडे आली.
फोनवर एक बाई फ्रिज पुसत होती. घासून घासून पुसत होती. आई टक लावून बघत होती. आईचा स्वतःचा फ्रिज? तो पुसायचाच राहिला होता.

"आई, आई, फोन ठेव ना!
जुई कार्टून थांबवत नाही,
राउटर बंद होत नाही,
लाडवाचा कण मिळत नाही,
बाळं माझी उपाशी!"

आई म्हणाली, "मीच का आधी? बाबा मीटिंग थांबवतील, तर मी फोन ठेवीन."

इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! बाबांकडे आली.
बाबा लॅपटॉपशी बोलत होते. वरून शर्ट, खालून लेंगा. "हॅलो! ऐकू येतंय का? हॅलो!" लॅपटॉपमधले सगळे म्हणत होते, "हॅलो! ऐकू येतंय का?" कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

"बाबा, बाबा, मीटिंग थांबवा ना!
आई फोन ठेवत नाही,
जुई कार्टून थांबवत नाही,
राउटर बंद होत नाही,
लाडवाचा कण मिळत नाही,
बाळं माझी उपाशी!"

बाबा दचकले. "राउटर बंद? छे छे! बंद केला की तो बिघडतो!"
"कुणी सांगितलं?"
"सगळेच सांगतात!"
"सगळे म्हणजे कोण?"
बाबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "मीच का आधी? आजोबा व्यायाम थांबवतील, तर मी मीटिंग थांबवीन."

इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! आजोबांकडे आली.
आजोबांचा व्यायाम जोरात चालला होता. फोनमधला माणूस उड्या मारत होता. आजोबा गादीवर आडवे पडून त्याला बघत होते. पोटावर झोपली होती भुरी मांजर. घुर्र घुर्र!

"आजोबा, आजोबा, व्यायाम थांबवा ना!
बाबा मीटिंग थांबवत नाहीत,
आई फोन ठेवत नाही,
जुई कार्टून थांबवत नाही,
राउटर बंद होत नाही,
लाडवाचा कण मिळत नाही,
बाळं माझी उपाशी!"

आजोबा म्हणाले, "अगं मुंगीबाई, मीच का आधी? भुरी पोटावरून उठेल, तर मी व्यायाम थांबवीन."

इटुकली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु! आजोबांच्या पोटावर चढली. भुरीच्या कानापाशी आली.

"भुरी, भुरी, ऊठ ना!
आजोबा व्यायाम थांबवत नाहीत,
बाबा मीटिंग थांबवत नाहीत,
आई फोन ठेवत नाही,
जुई कार्टून थांबवत नाही,
राउटर बंद होत नाही,
लाडवाचा कण मिळत नाही,
बाळं माझी उपाशी!"

भुरीने एक डोळा उघडला. "मला नको कार्टून. मला नको मीटिंग. पण आजोबांचं पोट उबदार आहे. कुणी चावलं, तरच उठेन! आणि मला चावणार कोण? आहे का या घरात कुणी?"

इटुकलीला बाळं आठवली. इटुकलीला राग आला. एवढ्याश्शा मुंगीला एवढ्ढा मोठ्ठा राग!
"आहे ना! मी आहे!"
आणि भुरीच्या कानाला... कुटूक!

म्याँऽऽव!

भुरी उडाली टुण्णकन.
भुरी उठली, म्हणून आजोबा उठले. फोन गेला गादीखाली. आजोबांचा व्यायाम थांबला.
आजोबांचा व्यायाम थांबला, म्हणून बाबांची मीटिंग थांबली. लॅपटॉप मिटला. खट्ट!
बाबांची मीटिंग थांबली, म्हणून आईने फोन ठेवला. फोनमधली बाई फडकं हातात घेऊन तशीच राहिली.
आईने फोन ठेवला, म्हणून जुईने कार्टून थांबवलं. बदकं बिचारी खाली बसली.
जुईने कार्टून थांबवलं, आणि खुर्चीवर चढून राउटरचं बटण दाबलं. टक्!

हिरवा डोळा मिटला.

सगळे श्वास रोखून उभे राहिले. आता काय होणार? घर पडणार? भिंती हलणार? बाबांनी तर डोळेच मिटून घेतले.
पण काय झालं?
पंखा फिरत होता. गरगर गरगर!
नळ टपकत होता. टप टप!
भुरी कान चाटत होती. चप चप!
एवढंच झालं. बाकी काही नाही.

राउटर हळूहळू गार झाला. इटुकली भोकातून आत शिरली. आत अंधार. आत धूळ. आँक् छी! आणि धुळीत काय? लाडवाचा कण!
इटुकलीने कण उचलला. फुंकर मारली. फू फू! ओढत ओढत बाहेर आली. जुईने वाकून पाहिलं. आईने पाहिलं. बाबांनी, आजोबांनी पाहिलं. चौघांची चार डोकी एकमेकांवर आपटली. ठक्! आणि चौघंही खो खो हसली.

इटुकली फटीत गेली. बाळांनी कण खाल्ला. मटक मटक! बोटं चाटली. पोटं भरली.

मग बाबांनी बटण पुन्हा दाबलं. हिरवा डोळा उघडला. लुकलुक लुकलुक!
"अरेच्चा! बिघडला नाही की!" बाबा म्हणाले. त्यांना थोडं वाईटच वाटलं.
जुई म्हणाली, "बाबा, जेवताना मी याला बंद करू?"
बाबांनी आईकडे पाहिलं. आईने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं. 'नाही' कुणालाच म्हणता येईना.
जुईने वाट नाही पाहिली. टक्!

आता जेवताना राउटर बंद. गावाला जाताना राउटर बंद. सुरुवातीला तो रुसला. मग त्याला झोपेची गोडी लागली.

कण गेला फटीत,
फटीतून पोटात,
आणि गोष्ट आली
तुमच्या कानात!