वाळूत रोवलेली वल्ही

"अहो पाहुणे, हात नका लावू त्या वल्ह्याला! वल्ही आज रोवलीत, निवड उद्याची, आणि आमच्या कातळबेटावर ती पुरी होईस्तोवर रोवलेलं वल्हं कुणी उपटत नाही."

धर्मा तांडेल असा खेकसला, तशी शहरातून आलेली मंडळी दोन पावलं मागं सरली. मग म्हातारा होडीला टेकून सांगू लागला.

बेटकरी पूर्वापार आपला पाटील आपणच निवडत. ज्याला पाटील करायचं त्याच्या होडीपुढं घरटी एक वल्हं रोवायचं, बस्स. एका वर्षी किनाऱ्यावरचा सुभेदार ऐन निवडीला आला म्हणे, तोही बेटकऱ्यांच्याच होडीतून. सोबत चार शिपाई आणि मेहुणा. "मासे मारणाऱ्यांना कसली आलीय अक्कल? आजपासून हा तुमचा पाटील," म्हणाला.

मानकूआयच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा आणि दोन मुलगे दर्यानं नेलेली बाई ती. घरात उरलं होतं एक वल्हं आणि तीन वर्षांची नात. गावात तिचा शब्द चालायचा तो त्या वल्ह्यामुळं, आणि तोच हा उपटसुंभ हिरावून घेणार? तिनं वल्हं आणून कुणाच्याच होडीपुढं नाही, तर मोकळ्या वाळूत रोवलं. तिचं बघून साऱ्या घरांनी तेच केलं.

झालं! निवड अर्धवट, होड्या जागच्या जागी. शिपायांनी भाले रोखले, पण दर्या न जाणणाऱ्याला भाल्यानं होडी वल्हवता येते होय? गाव खडकावरच्या कालवांवर जगलं. नात भुकेनं रडून रडून गप्प झाली, तेव्हा मानकूआयचं काळीज तुटलं, पण तिनं वल्ह्याला हात लावला नाही. पुढं उधाण आलं, घरांत पाणी शिरलं. एकही वल्हं हललं नाही, असं सांगतात.

नवव्या दिवशी परत जायला उतावळा झालेला सुभेदार गुडघाभर पाण्यात जाऊन ओरडला, "बरं बाई, तूच पाटील! केलं मी तुला!"

"करणारा तू कोण रे?"

"मग ठरवा तुमचं तुम्ही. दिली परवानगी!"

"परवानगी?" म्हातारी कडाडली. "आमच्याच घरात? तिथंच उभा राहा, नि तोंड बंद ठेव!"

तो मुकाट उभा राहिला. वल्ही तर उपटायची नव्हती, मग बेटकऱ्यांनी आपल्यातल्याच दामा नाखव्याची होडी ओढत त्या वल्ह्यांपाशी आणली, आणि दामा पाटील झाला. त्यानंतरच सुभेदाराला परत सोडलं.

आजही निवडीच्या दिवशी बाहेरचा माणूस, मामलेदार असो की मंत्री, गुडघाभर पाण्यात उभा राहतो नि चकार शब्द काढत नाही.

"मागच्या खेपेला एका साहेबानं पाण्यातून विचारलंच, 'हा हक्क तुम्हाला दिला कुणी?'" धर्मा उसळून म्हणाला. "यंदा त्याला कमरेइतक्या पाण्यात उभा करणार आहोत."