जिलबीचा आग्रह

साथ पुन्हा गावात आली ती नगराध्यक्षांच्या मुलाच्या लग्नातून. हे सारं गाव जाणत होतं, पण पत्रे ठोकले गेले ते खालच्या आळीच्या तोंडाशी. आळीतल्या बाया त्या लग्नात पंगत वाढायला होत्या, म्हणून रोग म्हणे त्याच पसरवणार! बंगल्याला मात्र साधी दोरीसुद्धा नाही. इकडे पाण्याचा टँकर पत्र्यापासूनच माघारी जाई आणि गोदाक्काची तान्ही नात दुधावाचून रडत होती.

अशात मुख्याधिकारी रणपिसे पत्रा सरकवून पाहणीला आत आले आणि गरजले, "तुम्हा लोकांना शिस्तच नाही! त्या पंगतीत होता तो प्रत्येक माणूस चौदा दिवस आतच राहील. नियम म्हणजे नियम!"

गोदाक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं पत्रा ओढून घेतला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

"हे काय? बाजूला हो!"

"साहेब, तुम्ही नको नको म्हणत होता, तरी आग्रह करून तुमच्या पानात जिलबी कुणी वाढली? मीच ना? घोंगडं अंथरते, बसा आता चौदा दिवस."

रणपिसेंना दरदरून घाम फुटला. त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

"आळीत थेंब नाही, साहेब. टँकर तुम्हीच अडवलाय, तुम्हीच बोलवा."

साहेबांनी फोन फिरवला. घटकाभरात टँकर आला, मागोमाग दूधही आलं.

"मी जाऊ आता?" रणपिसेंनी हळूच विचारलं.

"जिलबी नगराध्यक्षांनीही खाल्ली होती," गोदाक्का म्हणाली. "आधी त्यांच्या फाटकावर पत्रा ठोकल्याचा आवाज येऊ दे."