एका आकड्याचा नांगर

सागरकोटाच्या जलपथकाच्या टोपीवर जो बिल्ला असतो, त्यातल्या नांगराला एकच आकडा आहे. उजवीकडचा. डावीकडे नुसता तुटका दांडा. कोटाच्या दरवाजावर दगडातही तो तसाच कोरलेला आहे. पाहायला आलेल्यांत कुणीतरी म्हणतंच, "पाथरवट जेवायला गेला तो परत आलाच नाही वाटतं." मग बंदरावरचे म्हातारे विश्राम तांडेल पायरी झटकून त्यांना बसवतात.

"हसून घ्या आधी. मग सांगतो."

फार पूर्वी, असे सांगतात, या किनाऱ्यावर चाचे उतरत आणि गावंच्या गावं जाळून जात. त्यांना अडवायला सागरकोटाची सात गलबतं होती. सर्वांत लहान गलबतावर नागू आणि चांग्या हे सख्खे भाऊ होते. नागू सुकाणूवर, चांग्या नांगरावर. आईबाप लवकर गेलेले. वल्हं धरायला, जाळं विणायला, राग गिळायला चांग्याला नागूनंच शिकवलं. शेवटचं काही त्याला जमलं नाही.

एका सकाळी हे गलबत एकटंच चाच्यांच्या मोठ्या जहाजाला सापडलं. गलबताचा म्होरक्या बाबल तांडेल यानं शीड भरून खाडीकडे पळ काढला, कारण गलबताच्या तोफा दोन्ही कुशींना होत्या. मागे मारायला एकही नाही. तेवढ्यात मागून गोळी आली आणि नागू सुकाणूवरून थेट पाण्यात गेला. तांडेलानं धावत सुकाणू धरलं.

"तांडेल, थांबव. दादूस पडला."

"दादूस गेला, चांग्या. थांबलो तर वीस जण जातील."

तांडेलाचं म्हणणं खरं होतं. चांग्याला ते कळलंही असेल. पण मागे लाटांवर नागूची पाठ दिसत होती आणि ती लहान लहान होत चालली होती. त्याला इथं सोडून घरी जायचं, दार उघडायचं, हे चांग्याच्या डोक्यात मावेना. एरवी दोघं मिळून उचलायचे तो नांगर त्यानं एकट्यानं उचलला आणि भर वेगात दर्यात फेकला.

भरल्या शिडानं नांगर टाकणं म्हणजे आपल्या हातानं गलबत मोडणं, हे कोळ्याचं शेंबडं पोरही जाणतं.

"मेल्या, बुडवलंस," तांडेल म्हणाला.

नांगर तळच्या खडकात रुतला, दोर ताणला आणि गलबत गर्रकन आडवं फिरलं. जहाज तोंड पुढे करून अंगावर येत होतं. त्याच्याही तोफा कुशींनाच, एकही पुढे वळेना. गलबताची मात्र सगळी कूस आता त्याच्यासमोर होती. तांडेलानं शिवी अर्धीच सोडली आणि बत्ती द्यायला सांगितलं. चार तोफा एकदम सुटल्या. बारा गावं जाळणारं ते जहाज दुपारच्या आत तळाला गेलं म्हणे.

चांग्यानं ते पाहिलंच नाही. तो पोहत नागूकडे गेला होता.

धक्क्यावर हजेरी झाली. कारकुनानं नागूचं नाव घेतलं. भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला चांग्या म्हणाला, "आलाय. घेऊन आलोय." त्या शब्दासरशी कोटावर नगारे झडले, सातही गलबतांनी तोफा डागल्या, आणि नागूला राजासारखं मिरवत आत नेलं.

पुढे कोटाच्या सरदारानं या पथकाला निशाण द्यायचं ठरवलं. नांगर वर काढताना त्याचा एक आकडा खडकातच राहिला होता, पण चिताऱ्यानं चांगला दोन आकड्यांचा नांगर रंगवला. चांग्यानं ओल्या रंगावरून हात फिरवून डावा आकडा पुसून टाकला.

"मोडका नांगर मिरवायचा?" सरदारानं विचारलं.

"मोडला, पण सुटला नाय, सरकार," चांग्या म्हणाला. "दुसरा आकडा दर्यात हाय. तो दादूसचा."

आजही पथकाच्या होड्या परतल्या की धक्क्यावर हजेरी होते. कुणी कामी आलं असेल तर त्याचंही नाव पुकारतात, आणि त्याच्या सर्वांत जवळचा सोबती ताठ उभा राहून ओ देतो, "आलाय." मग नगारा वाजतो. तोवर होडीतून कुणीही उतरत नाही.